अलाइनमेंट 'ओके', तरी ट्रॅकवर गाडी पुढचे टायर बाहेरून खाते

तक्रार ठरलेली असते. ट्रॅक डेच्या (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसाच्या) आधी गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, नेली, पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले, प्रिंटआउट हातात आला. दिवसभरात चार-पाच सेशन झाली आणि संध्याकाळी बघावं तर पुढच्या टायरची, त्यातही डाव्या टायरची, बाहेरची कड सोलून निघालेली. आतल्या दोन-तीन पट्ट्या मात्र नव्यासारख्या. वळणात स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी नाक आत येत नव्हतं, हेही चालवताना जाणवलेलं असतं. मग टायर बदलतात, पुन्हा अलाइनमेंट होते, आकडे पुन्हा हिरवे येतात आणि पुढच्या ट्रॅक डेला पुन्हा तेच.

इथे उदाहरण पोर्शे ७१८ केमनचं घेतलं आहे. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेले, चाक धरणारे खांब) आहेत, आणि हे दुखणं स्ट्रटवाल्या गाडीतच सगळ्यात जास्त दिसतं. आधीच्या पिढ्यांच्या ९८७ आणि ९८१ केमन-बॉक्स्टरला जवळपास सगळं जसंच्या तसं लागू पडतं. जीटी४ मात्र वेगळी. तिला पुढे शिम (धातूच्या पातळ चकत्या) घालता येणारे दोन भागांचे लोअर आर्म (चाक खालून धरणारे दांडे) कारखान्यातूनच मिळतात, त्यामुळे तिच्या मालकांनी सुट्या भागांचा मजकूर सोडून थेट आकड्यांकडे जावं.

हिरवा आकडा कशाचा असतो

मशिन तुमच्या गाडीची तुलना कारखान्याने दिलेल्या मर्यादांशी करतं. त्या मर्यादा रस्त्यासाठी ठरवलेल्या असतात: टायर हजारो किलोमीटर सारखा झिजावा, पावसात गाडी सरळ चालावी आणि घाबरून कोणी पाय उचलला तर मागची बाजू सुटू नये, म्हणून पुढे मुद्दाम थोडा अंडरस्टिअर (वळणात नाक बाहेर जाण्याची सवय) ठेवलेला. स्टँडर्ड सस्पेन्शनच्या केमनला पुढे जेमतेम अर्धा अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाक वरून आत कललेलं; पुढे यालाच 'उणे' म्हटलं आहे) असतो आणि मागे सुमारे दीड. म्हणजे मागच्या टायरला वळणात बसायला जागा आहे, पुढच्याला नाही.

आता हिशोब बघा. चांगल्या टायरवर १ जीच्या (गाडीच्या वजनाएवढ्या आडव्या जोराच्या) आसपासच्या वळणात बॉडी ३ अंश कलते असं धरा. बॉडीबरोबर बाहेरचं चाकही बाहेर कलतं. स्प्रिंग दबल्यावर स्ट्रटची भूमिती त्यातला एखादा अंश परत करते, फार झालं तर दीड. कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) आणखी थोडी मदत करतो: ८ अंश कास्टर आणि चाक ५ अंश वळलेलं असेल तर साधारण ०.७ अंश. पण लांब, वेगवान वळणात चाक दोन-तीन अंशच वळलेलं असतं, तेव्हा ही मदत ०.३-०.४ वर येते. बेरीज-वजाबाकी करून उणे अर्ध्या अंशावर उभी असलेली गाडी वळणात अधिक अर्ध्या ते एक अंशावर जाते. त्यात रबर बुश (सांध्यांमधली रबरी नळकांडी) दबतात, टायरची भिंत वाकते. सगळा भार मग बाहेरच्या कडेवर.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून तिथे डावा पुढचा टायर आधी जातो. १० आणि ११ क्रमांकाचं जोडून येणारं लांब उजवं वळण त्याची खरी परीक्षा घेतं, कारण भार बराच वेळ उतरतच नाही. तिथे कड एकदा वितळायला लागली की उरलेल्या लॅपमध्ये ती भरून येत नाही.

आधी खात्री: दोष कॅम्बरचाच आहे का?

बाहेरची कड खाणारी कारणं चार आहेत, आणि कॅम्बर हे त्यातलं सगळ्यात खर्चिक. म्हणून स्वस्तातली तीन आधी निकालात काढा.

हवा. कमी हवेचा टायर वळणात कडेवर लोळतो आणि झीज हुबेहूब कमी कॅम्बरसारखी दिसते. सेशनआधी टायरच्या कडेवर, चालीपासून (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागापासून) भिंतीपर्यंत, खडूने तीन जाड रेघा ओढा, परिघावर तीन ठिकाणी. चार-पाच जोरदार लॅपनंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. बऱ्याच टायरच्या भिंतीवर कडेपाशी छोटा त्रिकोण किंवा कंपनीची खूण असते. पुसट त्या खुणेच्या आसपास थांबली तर हवा ठीक, खुणेखाली उतरली तर हवा कमी. दोन पीएसआय वाढवा आणि पुन्हा बघा. गरम टायरवर ३२ ते ३५ पीएसआय ही चांगल्या रोड टायरची नेहमीची पट्टी. लक्षात ठेवायचं ते हे की दर १० अंश सेल्सिअसला हवा सुमारे दीड पीएसआय वाढते. टायर २५ अंशांवरून ७५ वर गेला तर आठ पीएसआय वर. सकाळी थंडीत भरलेली हवा दुपारी तशीच ठेवली तर दोन पीएसआयचा फरक नुसत्या हवामानाने पडतो, आणि नोएडाच्या हिवाळ्यात तो हमखास पडतो. म्हणून थंड आकडा पाठ करण्यात अर्थ नाही; पिटमध्ये आल्या आल्या गरम हवा मोजा आणि तीच जुळवा.

टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत (टो-इन) की बाहेर (टो-आउट) वळलेली. पुढे टो-इन जास्त असेल तरी बाहेरची कड झिजते, पण झिजेचा पोत वेगळा असतो. चालीवर तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना करवतीसारखं टोचत असेल तर टो-इन जास्त. उलट टोचत असेल तर टो-आउट. मात्र ट्रॅकवर तापलेल्या टायरच्या बाहेरच्या ठोकळ्यांवर वळणाच्या भारानेही असेच कंगोरे येतात, त्यामुळे ही परीक्षा आतल्या पट्ट्यांवर करा. तिथे रस्त्यावरचा टो खरा दिसतो.

ढिलेपणा. गाडी उचलून चाक ९ आणि ३ वाजता धरून हलवा, मग १२ आणि ६ वाजता. पहिल्यात खडखड आली तर टाय रॉड (चाक वळवणारा दांडा), दुसऱ्यात आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. एवढ्यावर थांबू नका. लोअर आर्मच्या आतल्या बुशला पहार लावून बघा. भेगाळलेला बुश हाताने हलवून कळत नाही, पण जोरदार ब्रेकखाली चाक मागे सरकतं आणि टो बदलतो. अशा गाडीवर अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण मशिनवर दिसणारा आकडा ब्रेक दाबल्यावर राहतच नाही.

हे तिन्ही ठीक असताना कड खाल्ली जात असेल तरच कॅम्बर. (पाचवं, न बोलण्यासारखं कारण म्हणजे वळणात उशिरापर्यंत ब्रेक, मग स्टिअरिंगला हिसका आणि नाक घसरत असतानाही आणखी फिरवत राहणं. त्यावर कुठलाही शिम चालत नाही.)

कॅम्बर आणायचा कुठून

केमनच्या पुढच्या स्ट्रटचं टॉप माउंट तीन नटांवर आहे आणि बॉडीतली भोकं लांबट आहेत. नट ढिले करून माउंट आत, इंजिन नसलेल्या पुढच्या डिकीकडे, सरकवलं की कॅम्बर वाढतो. कारखान्यातून ते मधे कुठेतरी असतं; पूर्ण आत ढकललं तर बहुतेक गाड्या उणे १ च्या आसपास पोचतात, कोणी थोडी कमी, कोणी थोडी जास्त. खर्च फक्त मजुरीचा. गंमत म्हणजे 'या गाडीला कॅम्बर ॲडजस्टमेंट नाही' असं सांगून केवळ टो करून देणारे पुष्कळ भेटतात. जायच्या आधी विचारून घ्या की टॉप माउंट सैल करणार का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

उणे १ हा रस्ता आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे एवढ्यापुरता बरा. कड वाचवायची असेल तर उणे २ च्या पुढे जावं लागतं आणि तिथे सुटे भाग लागतात. दोन मार्ग आहेत.

पहिला, जीटी३ पद्धतीचे दोन भागांचे लोअर आर्म. आर्मच्या दोन तुकड्यांमध्ये शिम बसतात. जितके शिम जास्त तितका आर्म लांब, चाकाचा तळ बाहेर आणि कॅम्बर जास्त. १ मिमी शिममागे अंशाचा दहावा भाग किंवा थोडा जास्त मिळतो. अंदाजाने न भरता मशिनवर बघत भरा, आणि डावीकडे-उजवीकडे जाडी लिहून ठेवा. ट्रॅक-रुंदी (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वाढते, ती फायद्याचीच. पण टाय रॉडही तेवढाच बाहेर काढावा लागतो. सॉकेटमध्ये दांड्याच्या व्यासाच्या निदान दीडपट लांबीचे आटे शिल्लक राहिले पाहिजेत. राहत नसतील तर लांब टाय रॉड एंड घ्या. इथे काटकसर करू नका.

दुसरा, वरून कॅम्बर प्लेट. रबरी टॉप माउंटच्या जागी लोखंडी सांधा येतो, त्यामुळे स्टिअरिंग नेमकं होतं आणि खड्ड्यांचा आवाज थेट केबिनमध्ये. रोज ऑफिसला तीच गाडी नेत असाल तर पस्तावाल. आमचं मत लोअर आर्मच्या बाजूने आहे: टॉप माउंट रबरीच राहतं, आणि रस्त्यावर परतताना शिम काढले की झालं.

कॅम्बर बोल्टचा पर्याय केमनला नाही, कारण तिचा स्ट्रट हबच्या कॅरिअरमध्ये क्लॅम्पने धरलेला असतो. टोयोटा जीआर८६ सारख्या, दोन बोल्टनी हब धरणाऱ्या स्ट्रटला तो चालतो. वरच्या भोकात बारीक मानेचा एक्सेंट्रिक (मध्य एका बाजूला असलेला) बोल्ट टाकला की एखादा अंश मिळतो. परदेशात ही गाडी चालवणाऱ्यांनी एवढं बघावं की चाक वरून स्ट्रटच्या दिशेने झुकतं आणि टायर-स्ट्रटमधली फट कमी होते. टॉप माउंट सरकवताना तसं होत नाही. तिथे स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र कलतात.

गाडी खाली बसवून कॅम्बर मिळवायचा मोह टाळा. थोडं खाली ठीक. पण लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की चाक दबताना कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो, शिवाय पुढचं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो) खाली पडल्याने गाडी जास्त कलते. उभ्या गाडीत आकडा छान दिसतो आणि वळणात टायर पुन्हा कडेवरच.

सुरुवात कुठून करायची

मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस किंवा कप २ यांसारखे टायर आणि रस्त्यावरही वापरली जाणारी केमन धरून, सुरुवातीचे आकडे असे:

पुढे कॅम्बर उणे २.० ते २.५. मागे उणे १.८ ते २.२.
पुढे टो शून्य. फार तर प्रत्येक चाकाला ३ ते ५ मिनिटं बाहेर.
मागे टो प्रत्येक चाकाला ८ ते १२ मिनिटं आत.
डाव्या-उजव्यातला फरक: कॅम्बरमध्ये ०.१ अंश, मागच्या टोमध्ये २ मिनिटं, याहून जास्त नको.

अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटं, म्हणून ०.१ अंश म्हणजे ६ मिनिटं. काही मशिनं दशांश दाखवतात, काही मिनिटं. या गोंधळात ०.१० अंश सांगितलेलं १० मिनिटं म्हणून बसवलेलं सर्रास सापडतं. आणखी एक: टो 'प्रत्येक चाकाला' की 'दोन्ही मिळून' हे शब्दांत लिहून द्या. दुप्पट किंवा निम्मा टो हे 'गाडी सरळ धावत नाही'चं नेहमीचं कारण.

मागचा टो-इन कमी करायचा मोह अनेकांना होतो, कारण गाडी वळायला चटपटीत वाटते. केमनचं इंजिन मधोमध आहे, मागे वजन जास्त. वेगात पाय उचलला की मागच्या बाजूचा भार हलतो, बुश दबतात आणि मागचं चाक क्षणभर टो-आउटकडे झुकतं. आठ-दहा मिनिटांचा टो-इन त्या क्षणासाठी ठेवलेली राखीव रक्कम आहे. तो शून्यावर आणलेली गाडी सुक्या ट्रॅकवर मजेशीर आणि ओल्या ट्रॅकवर घातक.

पुढे टो-आउट दिला की स्टिअरिंगला प्रतिसाद पटकन मिळतो. पण बुद्ध सर्किटची मागची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे दोनशेच्या वर गाडी इकडेतिकडे हुंगत चालली आणि चौथ्या वळणाच्या ब्रेकला नाक डावं-उजवं करायला लागली की तो प्रतिसाद महागात पडतो. शून्यापासून सुरू करा.

कॅम्बर जितका जास्त तितका बरा, असंही नाही. उणे ३ च्या पलीकडे रोड टायर सरळ ब्रेकिंगला आतल्या कडेवर उभा राहतो, एबीएस लवकर घुसतं आणि थांबायचं अंतर वाढतं. स्लिक किंवा सेमी-स्लिकचं गणित वेगळं, ते इथे नको.

मशिनवर क्रम

क्रम चुकला की एक आकडा दुसऱ्याला खातो. गाडीची उंची आधी, मग मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो. मागचा टो आधी का? दोन्ही मागची चाकं सारखी नसतील तर गाडी तिरकी ढकलली जाते. थ्रस्ट अँगल, म्हणजे हा तिरकेपणा, शून्य झाल्याशिवाय पुढचा टो लावला तर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि सगळे म्हणतात स्टिअरिंगचा रॅक बिघडला.

केमनला मागचा कॅम्बर लोअर आर्मच्या आतल्या एक्सेंट्रिक बोल्टवर आणि टो हा टो-लिंकच्या एक्सेंट्रिकवर आहे. पुढचा कॅम्बर हलला की पुढचा टो हलतोच. रॅक ॲक्सलच्या पुढे असेल तर चाकाचा तळ बाहेर गेल्यावर टो-इन होतो, मागे असेल तर टो-आउट. शिम टाकून टो न बघता गाडी परत देणाऱ्याला पुन्हा भेटू नये.

गाडी मशिनवर चढण्याआधी: चारही टायरमध्ये ट्रॅकवर असेल तेवढी हवा, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढी पोती (तुम्हीच बसलात तर उत्तम), पुढच्या डिकीतलं सामान बाहेर. चढल्यावर पुढे-मागे दाबून सस्पेन्शन बसू द्या. टर्न प्लेटच्या (चाकांखालच्या फिरत्या तबकड्यांच्या) पिना काढल्यात का बघा. पिना तशाच ठेवून घेतलेलं माप निरुपयोगी. रिमवर क्लॅम्प लावल्यावर रनआउटची (रिम किंवा क्लॅम्पच्या वाकडेपणाची) भरपाई करायला सांगा, घाई असली की हीच पायरी गाळली जाते. शेवटी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असलेला प्रिंट घ्या. त्यात पुढचा कॅम्बर लाल दिसणार. दिसू द्या, टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो मायेने पुन्हा हिरवा करून ठेवेल. आणि या तक्रारीचं मूळ पुष्कळदा एवढंच असतं: ट्रॅकसाठी बसवलेली गाडी मधल्या सर्व्हिसला जाते, तिथे अलाइनमेंट 'दुरुस्त' होते आणि मालकाला पत्ता नसतो.

स्टिअरिंग सरळ आहे ना, ते टो झाल्यावर बघा. वाकडं असेल तर दोन्ही टाय रॉड सारख्या प्रमाणात उलटसुलट फिरवून सरळ करायचं, स्टिअरिंग काढून दात बदलून नव्हे. त्यानंतर पोर्शेच्या टेस्टरवर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घ्या. ते राहिलं तर पीएसएम (गाडी घसरू न देणारी पोर्शेची यंत्रणा) सरळ रस्त्यालाही वळण समजतं आणि भलत्या वेळी ब्रेक लावतं.

टायरला विचारा

मशिनचे आकडे सुरुवात करून देतात, निर्णय टायरचं तापमान देतं. त्यासाठी सुईचा पायरोमीटर लागतो. पिस्तुलासारखं इन्फ्रारेड यंत्र स्वस्त आहे, पण ते फक्त पृष्ठभाग बघतं आणि पृष्ठभाग काही सेकंदांत थंड होतो. सुई चालीत दोन-तीन मिमी खुपसा, तीन ठिकाणी: आतल्या कडेपासून २५ मिमी, मधोमध, बाहेरच्या कडेपासून २५ मिमी.

अडचण अशी की सेशनच्या शेवटी कूलडाउन लॅप करावाच लागतो आणि तो सगळा पुरावा पुसतो. सरळ, हळू चालताना कॅम्बरमुळे आतली कड जमिनीवर टेकून गरम राहते, बाहेरची थंड होते. मग कमी कॅम्बरची गाडीही ठीक वाटते. म्हणून सेशनच्या मध्येच, तीन-चार पूर्ण वेगाच्या लॅपनंतर, आयोजकांना आधी कल्पना देऊन थेट पिटमध्ये या. ब्रेक लाल झालेले असतात, तेव्हा पार्किंग ब्रेक लावू नका, चाकाला ठोकळा. एकाने सुई धरायची, दुसऱ्याने लिहायचं, डावं पुढचं चाक सर्वात आधी आणि क्रम रोज तोच. मिनिटभरात चारही टायर झाले पाहिजेत.

समजा डाव्या पुढच्या टायरवर आत ७४, मध्ये ८१, बाहेर ९० आलं. कॅम्बर कमी आहे, ०.३ ते ०.५ अंश वाढवा. आत ८८, मध्ये ८४, बाहेर ८१ आलं तर हात लावू नका. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंश गरम, हे लक्ष्य. फरक पंधराच्या पुढे गेला तर कॅम्बर जास्त झाला किंवा टो-आउट राहिला. मधला आकडा दोन्ही कडांच्या सरासरीपेक्षा ठळक जास्त असेल तर हवा जास्त, कमी असेल तर हवा कमी. आधी हवा नीट करा, मग कॅम्बरबद्दल बोला. उजव्या पुढच्या टायरवरून निर्णय घेऊ नका, घड्याळाच्या दिशेच्या ट्रॅकवर तो अर्धा वेळ रिकामा असतो आणि त्याची आतली कडच गरम दिसते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सेशनमध्ये कॅम्बर आणि हवा दोन्ही हलवले तर आकडे सुधारले कशामुळे, हे कधीच कळणार नाही.

पुढचा कॅम्बर वाढल्यावर गाडीचा तोल बदलतो: नाक आत येतं आणि मागची बाजू आता हलकी वाटते. मागचा कॅम्बर उणे १.५ वरच राहिला असेल तर वळणातून बाहेर पडताना ते जाणवेल. तेव्हा पुढचा कॅम्बर कमी करून बरं वाटून घेऊ नका. मागचा दोन-तीन दशांश वाढवा.

आकडे टिकत नाहीत तेव्हा

एकदा बरोबर बसलेली गाडी दोन ट्रॅक डेनंतर पुन्हा कड खायला लागली, तर मोजून बघा: आकडे तेच आहेत का? बहुतेकदा नसतात.

पहिला संशयित मागचे एक्सेंट्रिक बोल्ट. कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) खाल्ल्यावर ते घसरतात. आवळताना वॉशरच्या कडेला आणि आर्मच्या धातूवर रंगाची एकच रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की घसरला. वारंवार होत असेल तर एक्सेंट्रिकच्या जागी लॉक करणाऱ्या पट्ट्या आणि आट्यांवर लांबी जुळवता येणारी टो-लिंक बसवा.

दुसरा, बुशचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळणं. रबर त्या स्थितीत पिळलेलं घट्ट होतं, गाडी खाली आली की ते तिला वर ढकलत राहतं. थोडं चालल्यावर बसतं आणि उंची, कॅम्बर, टो सगळं सरकतं. हे बोल्ट चाकांवर वजन असतानाच शेवटचे आवळायचे.

तिसरा, जॅकवरून उतरलेली गाडी पुढे-मागे न फिरवता मोजणं. टायर जमिनीला चिकटून राहतात आणि कॅम्बर खोटा दिसतो.

आणि वाहतूक. पुण्या-मुंबईहून नोएडाला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गाडी फ्लॅटबेडवरून जात असेल तर पट्टे चाकांवरून बांधायला सांगा. लोअर आर्म किंवा टो-लिंकला पट्टा अडकवून करकचून ओढला की लिंक वाकते, आणि दोष जातो अलाइनमेंटवाल्याच्या माथी.

ट्रॅकवर मशिन नसतं, पण टो बघायला चार जॅक स्टँड आणि तंगूस पुरते. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर तंगूस ताणा. पुढच्या हबपासून दोरीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं, मागच्या हबपासूनही तसंच. पुढचं आणि मागचं मात्र एकमेकांसारखं नसणार, कारण दोन्हीकडची ट्रॅक-रुंदी वेगळी आहे. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. १८ किंवा १९ इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे साधारण ७ मिनिटं. पुढचं अंतर जास्त असेल तर टो-इन. चाकांखाली टर्न प्लेट नसतील तर विनाइलच्या दोन टाइल, मध्ये ग्रीस. कॅम्बरसाठी ओळंबा रिमच्या वरच्या कडेसमोर सोडा. वरची आणि खालची कड यांतला ८ मिमी फरक म्हणजे एका अंशापेक्षा थोडा कमी. त्याआधी फरशी पाण्याच्या नळीने तपासा: दीड मीटर रुंदीत ५ मिमी उतार असेल तर कॅम्बर ०.२ अंशाने चुकतो, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी.

चाकं पुन्हा बसवताना ७१८ चे बोल्ट १६० न्यूटन मीटरला, पहिल्या सेशननंतर टायर थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासून.

घरी परतल्यावर उणे २.३ कॅम्बर तसाच ठेवून गाडी चालवली तर आतली कड झिजते खरी, पण हळूहळू. झपाट्याने झिजते ती टो-आउटमुळे. म्हणून ट्रॅकसाठी पुढे टो-आउट दिला असेल तर परतल्यावर निदान टो शून्यावर आणा. टाय रॉड किती पैलू फिरवल्यावर किती मिनिटं बदलतात हे एकदा मशिनवर मोजून डिकीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवलं, तर हे काम दोन स्पॅनरवर वीस मिनिटांत होतं.